निर्णय देशाचा, भुर्दंड पूर्व भागाचा

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. तेव्हापासून सोलापुरात, जिथे पूर्व भागातल्या यंत्रमागांवर निर्यातीचे टॉवेल विणले जातात, टॉवेलच्या धंद्यावरून जो वाद चालू आहे, तो दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातो आहे. एक बाजू म्हणते, हा देशाच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे; थोडी कळ सोसा, अमेरिकी मालावर बहिष्कार घाला, झुकू नका. दुसरी म्हणते, तेल कुणाकडून घ्यायचं आणि मैत्री कुणाशी करायची या राजकारण्यांच्या भानगडीत आमचा धंदा का भरडला जावा? सरकारने व्यापारातून अंग काढून घेतलं की सगळं सुरळीत होईल. ऐकताना ही दोन टोकं वाटतात, पण दोघांच्या मनात समजूत एकच आहे: राजकारण वेगळं, व्यापार वेगळा, आणि यंदा काहीतरी बिनसलं म्हणून दोघांची गाठ पडली. या समजुतीमुळे खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. देशाने देशासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत भरायची कुणी?

त्या ५० टक्क्यांतला अर्धा भाग रशियाचं तेल घेतो म्हणून लावलेला दंड होता. युक्रेन युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. २०२२ नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. मला हा निर्णय योग्य वाटतो. स्वस्तात मिळणारं तेल गरीब देशाने का नाकारावं? एप्रिल २०२२ नंतर तेल कंपन्यांनी जवळजवळ दोन वर्षं पंपावरचे दर वाढवले नाहीत, त्यामागे हेही एक कारण होतं, आणि तो फायदा सोलापूरच्या रिक्षावाल्यालाही झाला. पण फायदा असा एकशे चाळीस कोटी लोकांत पातळ पसरला, आणि दंड मात्र जाड होऊन मोजक्या धंद्यांवर बसला. औषधं आणि मोबाइल फोन अमेरिकेने या शुल्कातून वगळले. टॉवेल, कोळंबी, हिरे, गालिचे सापडले. निर्णय देशासाठी असेल तर त्याची झळ देशाच्या तिजोरीने सोसली पाहिजे, तीही आधी ठरलेल्या नियमाने. यात उपकार कसला? हा सरळ हिशेब आहे.

व्यापार आणि राजकारण वेगळे असतात, हे तर सोलापूरकराने कधीच म्हणू नये. १८६० मध्ये इथे रेल्वे पोचली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरच्या सट्ट्यावर लोकांनी घरंदारं लावली. देशावरच्या शेतकऱ्याला सावकार बोलावून कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. कर्ज मात्र तसंच राहिलं, वर सारावाढ आली, आणि दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली. जिथून हे दंगे सुरू झाले त्या सुप्याच्या शेतकऱ्याने युद्ध पेटलेल्या व्हर्जिनियाचं नाव तरी ऐकलं असेल का? त्याने काही ठरवलं नव्हतं, पण भरलं त्यानेच.

या दंग्यांनंतर दोन वर्षांनी, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिलाच आपण जुनी गिरणी म्हणतो. देशी गिरण्या वाढू लागल्या तशी लँकेशायरच्या गिरणीमालकांनी इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये ओरड सुरू केली. हिंदुस्थान सरकारला तर महसुलासाठी आयात कापडावर शुल्क हवंच होतं. मग १८९६ मध्ये तोड निघाली ती अशी: विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क, आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी (उत्पादनावरचा कर), म्हणजे लँकेशायरचं काही बिघडायला नको. हा कर १९२५ च्या अखेरीपर्यंत टिकला. मँचेस्टरच्या मतदारसंघांतली गणितं सोलापूरच्या मागावर तीस वर्षं कर बसवत होती. याला व्यापार म्हणायचं की राजकारण?

उद्योगपती वालचंद हिराचंद याच गावात जन्मले. १९१९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला सोडली, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा चंग बांधला. माल होता, बोट होती, भांडवल होतं, हुशारीही होती. पाठीशी सरकार तेवढं नव्हतं. १९२३ मध्ये त्यांना करार पत्करावा लागला, आणि सिंदियाच्या बोटी किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरत्या अडकल्या. देशाच्या किनाऱ्यावरचा व्यापार देशी बोटींसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी स्वातंत्र्य मिळेपर्यंत पुरी झाली नाही. सरकार बाजूला झालं की धंदा आपोआप फुलतो असं म्हणणाऱ्यांनी एवढा एक अध्याय वाचावा. आपलं सरकार बाजूला झालं तरी दुसऱ्याचं सरकार बाजूला होत नाही.

आता बहिष्काराकडे. स्वदेशीची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. १९३० साली या शहराने मार्शल लॉ सोसला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या कायदेभंगाच्या आंदोलनात गिरणी कामगार अग्रभागी होते. विलायती कापडावरच्या बहिष्काराने लँकेशायर खरोखर हादरलं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. पण ते का जमलं? तेव्हा विकत घेणारे आपण होतो आणि विकणारं लँकेशायर होतं. बहिष्कार हे गिऱ्हाइकाचं हत्यार आहे. टॉवेलच्या बाबतीत गिऱ्हाईक अमेरिका आहे आणि दुकानदार आपण. आपण शीतपेय प्यायचं सोडलं म्हणून तिथल्या घाऊक खरेदीदाराची ऑर्डर परत येणार नाही; तो पाकिस्तानकडे जाईल, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानवर शुल्क होतं १९ टक्के आणि बांगलादेशवर २०. हुतात्म्यांच्या पुण्याईने आजची ऑर्डर मिळवता येत नाही, आणि तशी ती मागणं हा त्यांचाही मान नव्हे.

दुसऱ्या बाजूला, खुल्या बाजाराच्या पाठीराख्यांना एक उदाहरण विचारायचं आहे. युरोपीय संघाशी मुक्त व्यापाराची बोलणी भारताने २००७ मध्ये सुरू केली. २०१३ मध्ये ती अडली आणि २०२२ पर्यंत अडूनच राहिली. अडण्याची मोठी कारणं होती मोटारी आणि दारूवरचं आयात शुल्क, आणि आपल्या व्यावसायिकांना तिकडे मिळणारा प्रवेश. मधल्या काळात, २०१४ पासून, पाकिस्तानचा टॉवेल युरोपात शुल्काशिवाय जाऊ लागला. बांगलादेशचा तर २००१ पासूनच जात होता. आपला टॉवेल शुल्क भरून त्यांच्याशी झुंजत राहिला. मोटार उद्योगाला संरक्षण देणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पुण्या-चेन्नईतल्या लाखो नोकऱ्या त्यावर आहेत. पण त्या वर्षांची किंमत कुणी मोजली? ज्या टेबलावर मोटारीचा प्रश्न धसास लागत होता, तिथे टॉवेलवाल्याला खुर्ची नव्हती. बाजार खुला ठेवायचा म्हटलं तरी कुठलं दार किती उघडायचं हे कुणीतरी ठरवतंच, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं दार आधी उघडतं.

हा भुर्दंड शेवटी कुठे जाऊन बसतो ते पाहायचं तर अशोक चौकातून पूर्व भागात आत शिरावं. तिथल्या शेडमध्ये ऑर्डर कमी झाल्याची बातमी कागदावर येत नाही. मागावरचा भीम (ताण्याचे म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ) संपतो, ताण्याचे शेवटचे वार विणून होतात, आणि नवा भीम चढत नाही. शेजारचे दोन माग चालू असतात, हा एक उभा. आधी रात्रपाळी जाते, मग दिवसपाळीतले दिवस कमी होतात. विणकराला महिन्याचा पगार नसतो. जेवढं विणलं तेवढी मजुरी, हिशेब आठवड्याला. त्याने मालकाकडून लग्नाला किंवा दवाखान्याला उचल घेतलेली असते. माग थांबला की मजुरी थांबते, उचल थांबत नाही. घरात बायको विड्या वळते, पानं भिजवून, कातरून, सुपात तंबाखू घेऊन. माग थांबला त्या आठवड्यात घर चालतं ते तिच्या बोटांवर. मालकही काही कुबेर नसतो. त्यातले बरेच जण मोठ्या निर्यातदाराचं काम मजुरीवर घेणारे, स्वतः मागावर उभे राहणारे. अमेरिकी खरेदीदार निर्यातदाराला सांगतो, शुल्काचा थोडा भार तुम्ही सोसा. निर्यातदार तो मजुरीवर विणणाऱ्याकडे सरकवतो, आणि विणणारा कामगाराकडे. त्याच्या खाली सरकवायला कुणी उरत नाही. वॉशिंग्टन आणि दिल्लीतल्या भांडणाची शेवटची ओळ पूर्व भागातल्या किराणा दुकानाच्या वहीत लिहिली जाते.

माझ्या मागणीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा: धंदा म्हटला की जोखीम आली. तेजीत नफा खिशात घालायचा आणि मंदीत सरकारकडे पदर पसरायचा, हे कसं चालेल? आक्षेप खरा आहे. गिऱ्हाइकाची आवड बदलली, दुसऱ्याने स्वस्त माल काढला, माल खराब निघाला, तर तो तोटा व्यापाऱ्याचाच; त्यासाठी सरकारने दमडी देऊ नये. पण सरकारांच्या निर्णयाने एका रात्रीत येणारा तोटा या जातीचा नव्हे. आणि हा फरक आपल्या सरकारने स्वतःच मान्य केलेला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या कच्च्या तेलावर आणि इंधनाच्या निर्यातीवर जादा कर बसवला. युक्तिवाद सरळ होता: युद्धामुळे भाव चढले, त्यात कंपन्यांचं कर्तृत्व काही नाही, तेव्हा या आयत्या नफ्यात देशाचा वाटा आहे. डिसेंबर २०२४ पर्यंत हा कर राहिला. मग आयत्या नफ्यात देशाचा वाटा असेल, तर आयत्या तोट्यात का नाही?

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे, आणि तो ऐकताना मान खाली घालावी लागते. सोलापूरच्या गिरण्या काही अमेरिकेने बंद पाडल्या नाहीत. आपल्याकडचे बरेच माग जुने, नवी नक्षी कमी, बाजार ठरावीक. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिच्या नावावर परगावचा माल सर्रास खपतो आणि आपण तक्रारीपलीकडे जात नाही. हे सगळं कबूल. पण आजाऱ्याची तब्येत आधीपासून नाजूक होती म्हणून त्याला धक्का देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. उलट ज्या आठवड्यात मजुरी देता येत नाही, त्या आठवड्यात नवा माग घ्यायचं कुणाला सुचणार?

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: भरपाई दिली की लोक आळसावतात, आणि ती योग्य माणसापर्यंत पोचतही नाही. याला अमेरिकेचाच दाखला आहे. केनेडींच्या काळात, १९६२ मध्ये, आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारांसाठी तिथे योजना निघाली. तिचे निकष इतके जाचक होते की कामगार पुढाऱ्यांनी तिला अंत्यविधीचा विमा म्हटलं. नोकरी आयातीमुळेच गेली हे आधी सिद्ध करायचं, मग वाट पाहायची. २०२२ मध्ये ती गुंडाळली गेली. तर मग त्याच देशाची दुसरी योजना बघा. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चीनवर शुल्क लावलं, चीनने उत्तरादाखल अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावलं, आणि त्याच महिन्यात ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. पुढच्या वर्षी आणखी १६ अब्ज. एवढ्या झटपट हे कसं जमलं? कारण १९३३ पासून त्यासाठी एक सरकारी महामंडळ आणि पैसे काढायचा अधिकार तयार होता, दर वेळी कायदा करावा लागत नव्हता. मोठ्या शेतकऱ्यांना त्यातला जास्त वाटा गेला, ही टीका बरोबरच आहे. पण राष्ट्राच्या भांडणात आमचा शेतकरी एकटा पडणार नाही, हे त्यांनी कागदावर आणलं. ज्या माणसाने आपल्या टॉवेलवर दंड बसवला, त्याने आपल्या सोयाबीनवाल्याला मात्र वाऱ्यावर सोडलं नव्हतं.

आणि हा प्रश्न अमेरिकेने निर्माण केला असंही समजू नका. आपल्याच सरकारने आपल्याच माणसांशी असा व्यवहार कितीदा केला ते सोलापूरच्या बाजार समितीत जाऊन कुणालाही विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यात दर आला, आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे हे कारण खोटं नव्हतं. १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्याचं सरकार पाडलं, हे प्रत्येक पक्षाच्या लक्षात आहे. शेतकऱ्याचे सगळे हाल निर्यातबंदीने झाले असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शीकडच्या एका शेतकऱ्याच्या हाती सोलापूर बाजारात ५१२ किलो कांद्याचे दोन रुपये पडले, तेव्हा बंदी नव्हती, आवक तुंबली होती. पण डिसेंबरच्या बंदीचं तसं नाही. ती सरकारी आदेशाने आली, आणि कंटेनर भरून बंदराच्या वाटेवर असलेला माल जिथल्या तिथे अडला. नंतर एप्रिल २०२४ च्या अखेरीस गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. महाराष्ट्रातून ओरड झाली. ४ मे रोजी बंदी उठली. सोलापूर आणि माढ्याचं लोकसभेचं मतदान ७ मे रोजी होतं. बंदी घालताना ज्याचा विचार झाला नाही, त्याची आठवण मतदानाच्या तीन दिवस आधी झाली. त्यानंतरही ४० टक्के, मग २० टक्के शुल्क राहिलं. ते पूर्ण निघालं १ एप्रिल २०२५ ला. या काळात निर्यात झालेल्या कांद्यावर सरकारने शुल्क वसूल केलं. ग्राहकाच्या हितासाठी शेतकऱ्याचा भाव पाडला, तर त्या शुल्काचा पैसा कांदा उत्पादकाच्या खात्यावर का गेला नाही?

असल्या धरसोडीचा फटका परराष्ट्र व्यवहारालाही बसतो. २०१९ च्या अचानक बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन तक्रार केली होती की आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरी सोय केली असती. आपल्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असं सांगितल्याचंही त्या म्हणाल्या. हक्काच्या गिऱ्हाइकाला असं दोन-तीनदा तोंडघशी पाडलं की तो दुसरीकडे बघतो, आणि पुढे बंदी उठली तरी पूर्वीइतका परत येत नाही.

अमेरिकेच्या शुल्कानंतर सरकार अगदी हात बांधून बसलं असं मी म्हणणार नाही. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. सूत स्वस्त व्हावं हा हेतू. सोलापूरच्या टॉवेलवाल्याला ते हवंच होतं, पण त्याचा भार गेला मराठवाडा-विदर्भाच्या कापूस उत्पादकावर, तोही वेचणीच्या तोंडावर. एका पीडिताच्या खिशातून काढून दुसऱ्याला दिलेला दिलासा सोलापूरने आनंदाने घेऊ नये. आपल्या शेडमागे बीड-परभणीचा कापूस आहे, हे आपण विसरलो तर दिल्लीने विसरल्याची तक्रार कुठल्या तोंडाने करणार? नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी २० हजार कोटींची कर्जहमी आणि २५ हजार कोटींहून मोठी निर्यात प्रोत्साहन मोहीम मंजूर केली. आकडे मोठे आहेत, हेतू चांगला आहे. पण हमी मिळते ती कर्जाला. मजुरीवर विणणारा निर्यातदार म्हणून नोंदलेलाच नसतो, आणि विणकराला तर बँकेकडून काही नकोच आहे. त्याला थांबलेल्या मागाच्या दिवसांचे पैसे हवे आहेत.

म्हणून मागायचं काय, ते नेमकं असायला हवं. निर्यातबंदी किंवा नवं शुल्क लावण्याआधी ठरावीक मुदतीची सूचना, आणि वाटेत असलेल्या मालाला सूट. निर्यात शुल्कातून जमा झालेला पैसा त्याच पिकाच्या उत्पादकांसाठी वेगळा ठेवणं. परदेशी सरकारने राजकीय कारणाने दंड लावला की ठरलेल्या टक्केवारीपलीकडे तो जाताच आपोआप चालू होणारा निधी, ज्यातून कामगाराच्या बुडालेल्या मजुरीचा काही भाग थेट त्याच्या खात्यावर जाईल, कमाल मुदत आणि मर्यादा घालून. विणकरांची नोंद नाही ही अडचण खरी आहे, पण विडी कामगार बायकांना ओळखपत्रं आणि भविष्य निर्वाह निधी याच शहरात मिळाला, तो संघटनांनी वर्षानुवर्षं लढून. मागावरच्या माणसाची नोंद त्याहून अवघड नाही.

आजवर यंत्रमागधारकांची निवेदनं सुताच्या दराची आणि व्याजाच्या सवलतीची मागणी घेऊन दिल्लीला गेली, कांदेवाल्यांची वेगळी गेली, कापूसवाल्यांची तिसरीच. प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं, बऱ्याचदा दुसऱ्याच्या खिशातून. पुढच्या निवेदनात मजुरीच्या भरपाईचं कलम पहिलं असावं, आणि त्याच कागदावर मोहोळच्या कांदा उत्पादकाची आणि परभणीच्या कापूस उत्पादकाची सही असावी.